दामदुपटीचा हिशेब आणि लॉगचे कोष्टक

महाराष्ट्रात बारावीच्या पदार्थविज्ञानाच्या आणि रसायनशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेवर एक सूचना वर्षानुवर्षे छापली जात आली आहे. लॉगॅरिदमचे कोष्टक वापरण्यास परवानगी आहे. कॅल्क्युलेटर वापरण्यास नाही. साहजिकच अकरावीला विज्ञान शाखेत प्रवेश मिळाला की वह्या-पुस्तकांबरोबर 'लॉग टेबल' नावाची एक पातळ पुस्तिकाही घरात येते. देहूरोड आणि घोरावाडी यांच्यामधल्या बेगडेवाडीच्या लहानशा स्थानकावरून सकाळच्या लोकलने तळेगावकडे किंवा पिंपरी-पुण्याकडे जाणारा विद्यार्थी विज्ञानाचा असेल, तर त्याच्या दप्तरात ती असणारच. तो कला किंवा वाणिज्य शाखेचा असेल, तर ती बहुधा असणार नाही. आपल्या शिक्षणात लॉगॅरिदमची जी अवस्था झाली आहे ती ह्या दोन दप्तरांवरून पुरेशी कळते. एकाला कोष्टक मिळते पण त्यामागची कल्पना मिळत नाही. दुसऱ्याला दोन्ही मिळत नाहीत.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याला लॉग म्हणजे काय हे ठाऊक असते, असे समजण्याचे कारण नाही. त्याला ठाऊक असतो तो एक विधी. संख्येचे पहिले दोन अंक डावीकडच्या रकान्यात शोधावयाचे, तिसऱ्या अंकाचा स्तंभ पाहावयाचा, चौथ्यासाठी उजवीकडच्या बारीक रकान्यांतील भर मिळवावयाची. दशांशचिन्हाची जागा पाहून पूर्णांक लिहावयाचा आणि संख्या एकाहून लहान असेल तर त्या पूर्णांकाच्या डोक्यावर आडवी रेघ देऊन त्यास 'बार' म्हणावयाचे. मग बेरीज-वजाबाकी उरकून अँटिलॉगच्या पानाकडे वळावयाचे. हा विधी पुष्कळ मुले बिनचूक करतात, कारण परीक्षेला तेवढेच लागते. अकरावीच्या गणितात फलांच्या प्रकरणात लॉगॅरिदमच्या फलाची व्याख्या येते, त्याचा आलेखही येतो. परंतु ती व्याख्या आणि ती पुस्तिका ही एकाच वस्तूची दोन रूपे आहेत हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. आलेख हा गणिताच्या तासाचा, कोष्टक हे रसायनाच्या तासाचे, अशी वाटणी होऊन जाते.

ह्या वाटणीस इतिहासाचा थोडा आधार आहे. स्कॉटलंडमधील जॉन नेपियरने १६१४ साली आपली कोष्टके प्रसिद्ध केली ती गुणाकार-भागाकाराचे कष्ट वाचविण्यासाठी. हेन्री ब्रिग्जने त्यांना दहाचा पाया दिला आणि १६२४ पर्यंत ती शालोपयोगी होण्याजोग्या रूपात आणली. खगोलशास्त्रज्ञ, दर्यावर्दी, भूमापक, पुढे सरकपट्टी बाळगणारे अभियंते, ह्या सर्वांनी साडेतीनशे वर्षे त्यांवर काम केले. १९७० नंतर खिशात मावणारा कॅल्क्युलेटर स्वस्त झाला आणि हे काम संपले. आता ही कोष्टके कालबाह्य झाली असे कोणी म्हटले तर ते चूक नाही. पण कालबाह्य झाले ते कोष्टक. ज्या फलाचे ते कोष्टक आहे ते फल नव्हे. आपण मात्र टरफल जपून ठेवले आहे आणि दाण्याकडे दुर्लक्ष केले आहे.

हा दाणा कोणता? आठवीच्या गणितात चक्रवाढ व्याजाचे सूत्र येते. मुद्दल, दर आणि मुदत दिली की रास काढता येते. २०१७ व २०१८ साली आलेल्या नववी-दहावीच्या पाठ्यपुस्तकांत तर 'अर्थनियोजन' असे स्वतंत्र प्रकरणच घातले गेले, आणि ही गोष्ट स्वागतार्ह होती. परंतु व्यवहारात माणसाला पडणारा प्रश्न बहुधा उलट्या बाजूने येतो. रास किती होईल, असे क्वचितच कोणी विचारतो. पैसे दुप्पट कधी होतील, असे सर्वजण विचारतात. ह्या प्रश्नात मुदत अज्ञात आहे आणि ती घातांकाच्या जागी जाऊन बसली आहे. तिला तेथून खाली उतरविण्याचे साधन म्हणजे लॉगॅरिदम. ते हाती नसेल तर विद्यार्थ्याने एकेक वर्ष मोजीत जावे, हाच मार्ग उरतो. शालान्त परीक्षेपर्यंतच्या त्या पुस्तकांत हे साधन नव्हते. म्हणजे चक्रवाढीचे कुलूप दाखवावयाचे आणि किल्ली अकरावीच्या विज्ञानात ठेवावयाची, असा हा प्रकार.

टपाल कचेरीत मिळणारे किसान विकास पत्र पाहावे. १९८८ साली ते निघाले तेव्हा साडेपाच वर्षांत पैसे दुप्पट, हे त्याचे आकर्षण होते. एप्रिल २०२३ मध्ये त्याचा दर साडेसात टक्के आणि दुपटीची मुदत ११५ महिने अशी ठरली. ही ११५ ची संख्या कोठून आली? दोनचा लॉग ०.३०१०, १.०७५ चा लॉग ०.०३१४; पहिल्यास दुसऱ्याने भागले की ९.५८ वर्षे, म्हणजे ११५ महिने. उलट बाजूने, साडेपाच वर्षांत दुप्पट म्हणजे द. सा. द. शे. सुमारे १३.४. सरकारने मुदत सांगितली तर दर काढावा, दर सांगितला तर मुदत काढावी, दोन्ही कामे दोन ओळींची आहेत. असे असता बारा वर्षे शाळेत गेलेला माणूस टपाल कचेरीतील फलकावर विसंबून राहतो.

'दामदुपट' हा शब्द आपल्या भाषेत आणि कायद्यात फार जुना आहे. व्याज मुद्दलाहून अधिक वसूल करता येणार नाही, असा हिंदू धर्मशास्त्राचा दंडक होता आणि मुंबई इलाख्यात इंग्रजी न्यायालयांनीही तो मानला. वरवर पाहता ऋणकोला ह्याहून मोठे संरक्षण नव्हते. तरीही १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जरोख्यांची होळी केली आणि ते लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. ह्या दंग्यांची कारणे अनेक होती. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात चढलेले कापसाचे भाव कोसळले होते, आणि शेतसाऱ्याची फेरआकारणी शेतकऱ्याच्या मुळावर आली होती. पण त्यांतील एक कारण शुद्ध गणिताचे होते. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याची मुदत तीन वर्षे ठरली. ती संपली की थकलेले व्याज मुद्दलात मिळवून सावकार नवा रोखा लिहून घेई. शेकडा दोन रुपये महिना ह्या दराने, सरळव्याजानेच, तीन वर्षांचे व्याज ७२ होते. शंभराचा रोखा १७२ चा झाला. पुढच्या तीन वर्षांनी तो २९६ च्या घरात गेला आणि नवव्या वर्षाच्या अखेरीस ५०९ झाला. प्रत्येक रोख्यात व्याज मुद्दलाहून कमीच होते. दामदुपटीचा नियम एकदाही मोडला नाही आणि शंभराचे पाचपट झाले! १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा मूळ इतिहास तपासण्याचा अधिकार द्यावा लागला, तो ह्यामुळेच.

लॉगच्या भाषेत हा इतिहास एका ओळीचा आहे. १.७२ चा लॉग ०.२३५५, दर तीन वर्षांनी तेवढीच एक पायरी. तीन पायऱ्या मिळून ०.७०६५ आणि त्याचा अँटिलॉग ५.०९. रुपयांत मोजू गेले तर पहिली वाढ ७२ ची, दुसरी १२४ ची, तिसरी २१३ ची, आणि माणूस घाबरतो तो तिसऱ्या वेळी, जेव्हा उशीर झालेला असतो. पायरी मात्र पहिल्यापासून तीच होती. आजचा सावकार क्रेडिट कार्डाच्या रूपाने येतो आणि महिना तीन टक्के म्हणतो. ते वर्षाचे ३६ नसून साडेबेचाळीसहून थोडे अधिक होतात, आणि देणे न फेडता ठेवले तर दोन वर्षे पुरी होण्याच्या आधीच दामदुपट होते.

येथे एक विषयांतर करण्यास हरकत नाही. नवव्या शतकातील जैन पंडित वीरसेन यांच्या 'धवला' ह्या टीकेत 'अर्धच्छेद' अशी संज्ञा येते. एखाद्या संख्येचे कितीदा निम्मे करता येते ती संख्या म्हणजे तिचा अर्धच्छेद; बत्तिसाचा पाच, चौसष्टाचा सहा. आजच्या परिभाषेत हा दोन पायाचा लॉगॅरिदमच झाला, आणि तिनाच्या व चाराच्या पायासाठीही तेथे संज्ञा आहेत. म्हणून लॉगॅरिदम आपणच शोधला अशी दवंडी पिटण्याचे कारण नाही. कोष्टके नेपियरनेच केली. पण वर्गात 'अर्धच्छेद' हा शब्द उच्चारला तर, ही कल्पना परकी आणि अवघड आहे हा मुलांचा समज निम्मा तरी कमी होईल. दामदुपट कितीदा झाली ते मोजणे आणि अर्धच्छेद मोजणे ह्या एकच क्रिया आहेत.

मावळात ह्या प्रश्नाला आज निराळी धार आली आहे. गेल्या काही दशकांत औद्योगिक वसाहती, द्रुतगती महामार्ग आणि पुण्यापिंपरीकडून सरकत आलेल्या गृहवसाहती यांच्यापायी पुष्कळ कुटुंबांच्या जमिनी गेल्या आणि हाती रोकड आली. त्यांतून घर बांधले, लग्नकार्ये झाली. जे शहाणे होते त्यांनी उरलेली रक्कम बँकेत ठेवली. शहाण्यांचाच हिशेब करावा. समजा पन्नास लाखांची ठेव आहे, दर सात टक्के आहे आणि कुटुंब व्याजावर जगते. महिन्याला सुमारे २९ हजार रुपये येतात. भाववाढ वर्षाला सहा टक्क्यांनी होत असेल तर बारा वर्षांत किंमती दुप्पट होतील. त्या दिवशीही २९ हजारच येतील आणि त्यांत आजच्या साडेचौदा हजारांची खरेदी होईल. मुद्दलाचीही तीच गत. व्याजास हात न लावता सारे साठविले तरी खरी वाढ वर्षाला एक टक्का देखील नाही. त्या वेगाने खरेदीशक्ती दुप्पट होण्यास सुमारे ७४ वर्षे लागतील. सरकारी नोकराला निदान महागाई भत्ता असतो. ठेवीवर जगणाऱ्या शेतकऱ्याला तो कोण देणार? रोकड स्वीकारण्यापूर्वी हा हिशेब घरातील कोणा मुलाने पाटीवर मांडून दाखविला असता, तर सौदा कदाचित थांबला नसता, पण त्याच्या अटी बदलल्या असत्या. आणि असा मुलगा किंवा मुलगी बहुधा विज्ञान शाखेची नसते. ती वाणिज्य किंवा कला शाखेत असते, आणि तेथे गणित घेणे ऐच्छिक आहे.

आलेखाकडे वळले की हीच गोष्ट डोळ्यांना दिसू लागते. आडव्या अक्षावर संख्या घ्यावी, उभ्या अक्षावर तिचा दहा पायाचा लॉग. एकाचा लॉग शून्य, म्हणून वक्र तेथे आडव्या अक्षाला छेदतो. शून्याकडे सरकू लागले की तो खोल खोल जातो, पण उभ्या अक्षाला कधीच स्पर्श करीत नाही. शून्याला आणि ऋण संख्येला लॉगच नाही. उजवीकडे तो आधी झपाट्याने चढतो आणि मग सपाट होत जातो. किती सपाट? दोन्ही अक्षांवर एक सेंटिमीटर म्हणजे एक, असे परिमाण धरले आणि बेगडेवाडीच्या फलाटापासून हा वक्र रुळांच्या कडेने लोणावळ्याच्या दिशेने काढीत नेला, तर दहा लाखांच्या खुणेशी पोहोचण्यास दहा किलोमीटर जावे लागेल, तळेगाव मागे टाकून. आणि तेथे वक्राची उंची किती भरेल? सहा सेंटिमीटर, बोटाएवढी. तरीही तो थांबलेला नसतो. हाच आलेख आडव्याचा उभा केला, म्हणजे दोन अक्षांची अदलाबदल केली, की चक्रवाढीचा वक्र मिळतो: सहा सेंटिमीटर पुढे आणि दहा किलोमीटर वर, कळसूबाईच्या सहापट. एक वक्र दुसऱ्याचे आरशातील प्रतिबिंब आहे हे वाक्य मुले पाठ करतात. तीच गोष्ट ह्या दोन आकड्यांनी सांगितली तर ती पाठ करावी लागणार नाही.

त्या सपाट होत जाणाऱ्या वक्राचा अर्थशास्त्राशी संबंध फार जवळचा आहे. डॅनियल बर्नुली ह्याने १७३८ साली असे प्रतिपादन केले की, मिळणाऱ्या जादा पैशाची उपयोगिता आधीच जवळ असलेल्या संपत्तीच्या व्यस्त प्रमाणात असते. ह्याचा अर्थ समाधानाचा वक्र लॉगॅरिदमचा वक्र आहे. महिना दहा हजार मिळविणाऱ्यास एक हजार जास्त मिळणे आणि एक लाख मिळविणाऱ्यास दहा हजार जास्त मिळणे, ह्या दोहोंनी वक्रावर सारखीच उंची वाढते. चढत्या प्रमाणात प्राप्तिकर का असावा, ह्यावर वर्गात तासभर व्याख्यान देण्यापेक्षा हा वक्र फळ्यावर काढणे अधिक परिणामकारक होईल. बर्नुलीचे गृहीतक वादग्रस्त आहे हेही सांगावे. पण वाद घालण्यासाठी आधी वक्र दिसला पाहिजे.

उभ्या अक्षावरच लॉगचे परिमाण घेण्याची युक्ती त्याहून उपयोगी आहे. बोरघाटात रेल्वेचा चढ कमाल सदतिसास एक असा आहे. गाडी कितीही उंचावर पोहोचलेली असो, चढाची तीव्रता त्या प्रमाणावरूनच ठरते. लॉगच्या कागदावरील रेषेचे तसेच आहे. तिचा चढ किती उंचीवर आहे हे महत्त्वाचे नसते. तो वाढीचा दर दाखवितो, आणि दर कायम असेल तर रेषा सरळ येते. बेगडेवाडीच्या पूर्वेस पसरलेल्या पिंपरी-चिंचवडचेच उदाहरण घ्यावे. जनगणनेप्रमाणे ह्या शहराची लोकसंख्या १९९१ साली सुमारे ५ लाख १७ हजार, २००१ साली दहा लाखांहून थोडी अधिक आणि २०११ साली सुमारे १७ लाख २७ हजार होती. पहिल्या दशकात पाच लाखांची भर, दुसऱ्यात सात लाखांची. साध्या आलेखकागदावर रेषा वर वाकते आणि वाढीचा वेग वाढला असे वाटते. लॉगच्या कागदावर पहिल्या दशकात उंची ०.२९ ने वाढते आणि दुसऱ्यात ०.२३ ने, रेषा खाली झुकते, कारण पहिल्या दशकात शहर जवळजवळ दुप्पट झाले आणि दुसऱ्यात पावणेदोनपटही झाले नाही. दोन्ही आलेख खरे आहेत. पाणी किती लागेल आणि शाळा किती बांधाव्या लागतील ह्यासाठी पहिला पाहावा. वाढीचा जोर टिकून आहे की ओसरतो आहे, ह्यासाठी दुसरा. जो नागरिक दुसरा वाचू शकत नाही त्याला कोणीही पहिला दाखवून घाबरवू शकतो. जमिनीचे दलाल तर हे काम आनंदाने करतात.

भूकंपाची तीव्रता आणि द्रावणाचा सामू ही लॉगची परिमाणे आहेत हे पुस्तकात असतेच, त्यावर थांबण्याचे कारण नाही. ९ मार्च २०२० रोजी पुण्यात कोरोनाचे पहिले रुग्ण आढळल्यानंतरचे काही महिने आठवावेत. वर्तमानपत्रांतून आणि पडद्यावर रोज असे आलेख दिसत. उभ्या अक्षावर शंभर, हजार, दहा हजार अशा समान अंतरावरच्या खुणा असत. रेषा सपाट होताना पाहून कित्येकांनी साथ संपत आली असे मानले. सपाट झाला होता तो दर, रोजचे आकडे वाढतच होते.

ह्यावर शिक्षकांचा आक्षेप ठरलेला आहे: अभ्यासक्रम आधीच फुगलेला आहे, त्यात आणखी भर कोठून घालावयाची? आक्षेप रास्त आहे. खेड्यातील शाळेत एकाच शिक्षकाकडे गणित आणि विज्ञान दोन्ही असतात, आणि वर्षाचे कितीतरी दिवस शाळाबाह्य कामांत जातात. पण येथे भर घालण्यापेक्षा अदलाबदलच अधिक करावयाची आहे. अकरावी-बारावीत कोष्टक पाहण्याच्या कसरतीवर जो वेळ खर्च होतो तो साधा कॅल्क्युलेटर हाती दिल्याने वाचेल. चार अंकी संख्येचा लॉग काढणे ही आज कोणाच्याही पोटापाण्याची विद्या राहिलेली नाही. उलट नववी-दहावीत चक्रवाढ व्याजाच्या पाठोपाठ 'किती वर्षांत?' हा प्रश्न विचारून लॉगॅरिदमची ओळख करून द्यावी. त्यास आठ-दहा तासिका पुष्कळ झाल्या. आलेख आधी, नियम मागाहून. शाखा निवडण्यापूर्वी हे झाले तर ते सर्वांना मिळेल; त्यानंतर ते फक्त विज्ञानवाल्यांचे होते.

साधनांची अडचण सांगितली जाते, ती मात्र खरी नाही. लॉगचा छापील आलेखकागद लहान गावातील वह्यांच्या दुकानात मिळणार नाही, पण तो वर्गातच आखता येतो, आणि ह्या कामी त्या उपेक्षित पुस्तिकेचा खरा उपयोग होतो. कोऱ्या कागदावर उभी दहा सेंटिमीटरची रेघ काढावी. तळाशी एक लिहावा, माथ्यावर दहा. कोष्टकात दोनचा लॉग ०.३०१० आहे, म्हणून तळापासून ३ सेंटिमीटरवर दोनची खूण, तिनाची ४.८ वर, चाराची ६ वर, पाचाची ७ वर, आठाची ९ वर. एक ते दोन हे अंतर, दोन ते चार हे अंतर आणि चार ते आठ हे अंतर सारखेच भरते, हे मुलांनी स्वतः पट्टीने मोजावे. मग त्या कागदावर जनगणनेतून घेतलेली आपल्या गावाची लोकसंख्या मांडावी, आणि शेजारी घरातल्या मोठ्यांना विचारून गुंठ्याचा भाव, दर पाच वर्षांचा, आठवेल तितक्या मागचा.